उद्देशाचा रकाना

आमच्या पुढच्या खोलीत आल्तार आणि बंदूक समोरासमोर होती. एका भिंतीवर क्रूस, मेणबत्त्या, कागदी फुलांचा हार. दुसऱ्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली ठासणीची बंदूक. बाबांनी ती आधी आल्ताराच्या शेजारीच लावली होती म्हणे. आईने दुसऱ्या दिवशी काढायला लावली. "क्रुसाखाली बंदूक नय टांगव्याची," एवढंच ती म्हणाली, आणि आमच्या घरात आईने एकदा म्हटलं की विषय संपायचा. तेव्हापासून रोजरीला गुडघे टेकले की आमची पाठ बंदुकीकडे असायची.

पापडी गावात आमची वाडी होती. राजेळी केळी, चिकूची बारा-तेरा झाडं, कडेने सुपाऱ्या, आईचा मोगरा आणि मधोमध विहीर. बंदूक या वाडीसाठी होती. चिकू भरले की संध्याकाळी वटवाघळं उतरायची आणि एका रात्रीत अर्धं झाड चावून खाली टाकायची. पोटभर खाल्ली असती तरी बाबांना चाललं असतं. ती नुसती चाखून टाकतात याचा त्यांना राग. सरकार अशा कामासाठी वाडीवाल्यांना परवाना द्यायचं. 'शेतसंरक्षण' असा शिक्का असलेलं ते पुस्तक बाबा आईच्या लग्नाच्या साडीखाली ठेवत.

त्या बंदुकीत छर्रे नसायचे, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. मी लहान असताना बाबांनी एकदा छर्रे भरून बार काढला होता. वटवाघूळ एकही पडलं नाही, शेजारच्या घराची नऊ कौलं मात्र फुटली. बाबांनी ती गुपचूप बदलून दिली, दोष वाऱ्यावर ढकलला, आणि उरलेलं सगळं शिसं कोळीवाड्यातून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला देऊन टाकलं. तिच्या घरच्यांनी ते वितळवून जाळ्याला वजनं केली. म्हणजे आमच्या बंदुकीतलं शिसं पुढे कित्येक वर्षं समुद्रात मासे धरत होतं, आणि बाबा बंदुकीत नुसती दारू आणि चिंध्या ठासत होते. बोंबील देताना कोळीण हळूच वटवाघळांचा आकडा विचारायची, "कवरी वागला मारली?" आणि बाबा तिच्याकडे न बघता आत जायचे.

हंगामात रोज संध्याकाळी, देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा व्हायच्या जरा आधी, एक बार. मग बाबा ओट्यावर येऊन म्हणायचे, "बार काडला. दिवा लाव." आजूबाजूच्या घरांतही त्याच आवाजाला दिवे लागायचे. शेजारच्या काकी बार झाला की कोंबड्या झाकायच्या. दुपारी बाबा ओट्यावर बसून बंदूक पुसायचे, गजाला फडकं गुंडाळून नळी साफ करायचे, खोबरेल तेलाचा हात फिरवायचे. रस्त्याने जाणारे येणारे बघायचे. चोरी आमच्या वाडीत कधी झाली नाही. एक घडसुद्धा कुणी नेला नाही.

परवान्याची कागदपत्रं माझ्याकडे असायची. बाबा प्रार्थनेचं पुस्तक घडाघडा वाचत, पण सरकारी मराठी त्यांच्या गळी उतरत नसे. मी जवळच्या शाळेत शिक्षिका होते, लग्न केलेलं नव्हतं, अक्षर चांगलं होतं, म्हणजे घरातला प्रत्येक अर्ज माझ्याच गळ्यात. परवान्याचं नूतनीकरण दर काही वर्षांनी यायचं. अर्जात एक रकाना असे: शस्त्र बाळगण्याचा उद्देश. त्यात मी 'शेतसंरक्षण' हा एक शब्द लिहायची. सातबाऱ्याची नक्कल जोडायची, बाबांची सही घ्यायची, तालुक्याच्या कचेरीत देऊन यायची. काही दिवसांनी शिक्का मारून पुस्तक परत. आणि निवडणूक लागली की सगळ्या परवानेवाल्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. त्या महिन्यात वटवाघळांची चंगळ असायची. बाबा तेवढ्यापुरते हातात पत्र्याचा डबा घेऊन वाडीत उभे राहायचे आणि बडवायचे. मतदान झालं की सायकलवर बंदूक बांधून घरी आणायची.

शाळेत मी सातवीला नागरिकशास्त्र शिकवायची. हक्क आणि कर्तव्ये असा धडा होता. एका मुलीने विचारलं, "बाई, तुमच्या घरी बंदूक आहे, तो तुमचा हक्क आहे का?" मी म्हटलं, "नाही. हक्क कोणाकडे मागायला जावं लागत नाही. बंदुकीचा परवाना असतो, आणि परवाना पुन्हा पुन्हा मागावा लागतो." उत्तर बरोबर होतं. मी ते फळ्यावर लिहिलंही. त्याच मुलीने पुढे विचारलं, "मग वाडी हा हक्क आहे का?" मी म्हटलं, आहे. तेही फळ्यावर लिहिलं. शिक्षकाला फळ्यावर काय काय लिहावं लागतं.

ऐंशी साल उलटल्यावर आमच्याकडे मोजणीवाले दिसू लागले. रस्त्याच्या पलीकडच्या वाड्या एकेक करून गेल्या. कुणी खुशीने विकली, कुणी नाखुशीने, आणि नाखुशीने विकणारा सकाळी देवळात भेटला तर कोणी काही विचारत नसे. मग आमच्याकडे एक जीप आली. त्यातून उतरलेला माणूस तिशीचा, पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलायला अत्यंत सभ्य. मला टीचर म्हणायचा, बाबांना अंकल. "अंकल, आजूबाजूचं सगळं झालंय. तुमची एकच वाडी मधे राहते, डिझाइनमधे बसत नाय ती." बाबा ओट्यावर बंदूक पुसत होते. ते पुसतच राहिले. माणसाने बंदुकीकडे पाहिलं, हसला आणि गेला.

तो दर आठ-दहा दिवसांनी यायचा. बरोबर दोघं-तिघं असायचे, ते जीपमधून उतरायचे नाहीत. एकदा तो विहिरीपाशी जाऊन वाकून बघून आला आणि मला म्हणाला, "टीचर, पाणी मस्त आहे. पण विहीर बुजवायला काय लागतं? दोन ट्रक माती." हे त्याने पावसापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी वर्गाच्या वह्या तपासत होते. माझा हात थांबला नाही, पण त्या पानावर मी काय तपासलं ते मला आजही आठवत नाही.

मला भीती वाटली होती. पुढे जे झालं त्यात मी इतकी बधिर झाले की त्या आधीची भीतीही कुणा दुसऱ्याची वाटते. पण भीती होती. रात्री बाबा वाडीत फेरी मारायला गेले की मी जागी राहून त्यांच्या खोकल्याचा आवाज ऐकत बसायची. त्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. जाड भिंगाचा चष्मा आला होता आणि पायरी उतरताना ते भिंतीला हात लावू लागले होते. तरी संध्याकाळचा बार चुकत नव्हता.

त्याच महिन्यात परवान्याचं नूतनीकरण आलं.

मी शाळेतून आल्यावर जेवणाच्या टेबलावर अर्ज भरायला बसले. नाव, वय, सर्व्हे नंबर. मग उद्देशाचा रकाना. नेहमीप्रमाणे 'शेतसंरक्षण' लिहिलं आणि पेन तिथेच राहिलं. मी मुलांना सांगत आले होते: उत्तर पूर्ण लिहा, खरं लिहा, अर्धवट उत्तराला अर्धे गुण. आणि खरं हे होतं की आता बंदूक नुसत्या चिकूंसाठी नव्हती. मी पुढे लिहिलं: 'तसेच कुटुंबाच्या जिवाचे संरक्षण.' अक्षर छान आलं. बाबांनी चष्मा लावून खाली सही केली. वर काय लिहिलंय ते त्यांनी कधीच विचारलं नव्हतं, त्या दिवशीही विचारलं नाही. मला वाटलं, सरकारदरबारी एकदा लिहून राहील की या घराला धोका आहे. आम्हा शिक्षकांचा कागदावर फार विश्वास.

पंधरा दिवसांनी हवालदार शाळेत आला. घर मोठ्या रस्त्यावर नव्हतं, शाळा होती, म्हणून आधी माझ्याकडे. मला ठाण्यात बोलावलं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज समोर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "जिवाला धोका आहे म्हणताय. कोणापासून?"

मी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"म्हणजे वाद आहे. वाद असलेल्या जागी आम्ही बंदूक ठेवू देत नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? नाव सांगा, जबाब लिहून घेतो. तोवर बंदूक इथे जमा करा."

जीपमधल्या माणसाचं नाव मला ठाऊक होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर बाकावर त्याच्या जीपचा ड्रायव्हर बसून चहा पीत होता, त्याने मला येताना मान हलवून नमस्कारही केला होता. मी म्हटलं, "नाव नाही सांगता येणार." अधिकाऱ्याने मान डोलावली. त्याला तसा राग आलेला दिसला नाही. त्याने कागद फाइलमध्ये ठेवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "बंदूक जमा करायची आहे."

"निवडनूक हाय?"

"नाही. नूतनीकरणाचं काहीतरी आहे. वेळ लागेल."

"कय झालं?"

"त्यांनी सांगितलं नाही."

खोटं बोलायला मला फारसा वेळ लागला नाही. मी लिहिलेली ओळ त्यांना सांगायची लाज वाटली, आणि नाव विचारल्यावर मी गप्प बसले हे सांगायची त्याहून जास्त. बाबांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, परत लावला. मग उठून त्यांनी बंदूक भिंतीवरून काढली. जमा करायच्या आधी त्यांनी तिला तेल लावलं. सायकलवर बांधली आणि सायकल हातात धरून चालत नेली, कारण ऑपरेशननंतर ते सायकलवर बसत नव्हते. भिंतीवर दोन खिळे राहिले आणि मधे बंदुकीच्या आकाराचा उजळ पट्टा.

त्या संध्याकाळी बार झाला नाही. शेजारच्या काकींच्या कोंबड्या अंधार पडला तरी अंगणात फिरत होत्या. त्या विचारायला आल्या, "आज बार नय?" बाबांनी पत्र्याचा डबा शोधला, पण निवडणुकीत बडवायचा तो डबा गंजून गेला होता. ते वाडीत जाऊन टाळ्या वाजवून आले. पाच-सात टाळ्या ऐकू आल्या आणि मग थांबल्या.

आठवड्याभरात जीप आली. सभ्य माणूस ओट्याच्या पायरीवर बसला, आधी कधी बसला नव्हता. "अंकल, आजकाल बार ऐकायला येत नाय," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "चिकू सरले." झाडं चिकूंनी लगडलेली होती. तो त्या झाडांकडे बघत बसला.

पंपाचा पट्टा कोणीतरी कापला. नवा आणला, तोही कापला. राजेळीच्या एका ओळीतली सगळी झाडं कमरेच्या उंचीला तोडून ठेवलेली मिळाली, घड तसेच, एकही नेलेला नाही. आईने ते कच्चे घड उचलून घरात आणले. पिकवून, सोलून सुकेळी करायची म्हणाली, आणि खरोखरच केली. आठवडाभर अंगणात केळी सुकत होती आणि आई माशा हाकत बसली होती. मग एका सकाळी विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला. बादली काढली तर डिझेलचा वास. पोहरा, दोर, आईचा मोगरा, सगळ्याला तो वास लागला. बाबांनी बादली जमिनीवर ओतली, पालथी घातली आणि तिच्यावर बसले. त्या दिवशी ते जेवायला उठले तेव्हा दुपार टळून गेली होती.

मला काही वाटलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. मी त्या दिवशी शाळेत गेले, प्रार्थना घेतली, हजेरी घेतली, सातवीला पर्जन्याचे प्रकार शिकवले. हातपाय कामं करत होते. मधल्या सुट्टीत डबा उघडला तर आईने सुकेळी दिली होती. मी ती खाल्ली. गोड होती.

रविवारी देवळातली मिस्सा झाल्यावर बाबांनी सही केली. आमच्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच पेनने. मला वाटलं होतं ते भांडतील, वकील गाठतील, निदान फादरांना विचारतील. बाबा अडून बसणारे होते. एका बांधासाठी त्यांनी चुलत भावाशी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. त्यांनी काहीच केलं नाही. "कते करू?" एवढंच विचारलं. सभ्य माणसाने बोटाने जागा दाखवली. घर आणि घरामागचं एक चिकूचं झाड आमच्याकडे राहिलं. इतक्या लवकर ते कसे वाकले, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं. मी डिझेलला दोष दिला आणि तेवढ्यावर सोडून दिलं.

बंदुकीचं पत्र त्यानंतर चार महिन्यांनी आलं. परवानाधारकाने सातबाऱ्यासह हजर राहावे. मी अर्धी रजा टाकली आणि बाबांना घेऊन सकाळी कचेरीत गेले. खिडकीमागे एक वयस्क कारकून होता, माणूस चांगला होता, बाबांना त्याने बसायला स्टूल दिलं.

"सातबारा?"

"जमीन विकली," मी म्हटलं.

"सगळी?"

"सगळी."

"मग पीक नाही."

"नाही."

"मग शेतसंरक्षण कसलं?" तो हे टोचून बोलला नाही, हिशेब जुळत नाही असं मुलाला सांगावं तसं म्हणाला. "परवाना रद्द होईल. बंदूक सरकारजमा. काका, इथे सही करा." बाबा सही करत असताना तो फाइलची मागची पानं चाळत होता. एका पानावर थांबला. "अरेच्चा, हे तेच प्रकरण. बाई, अर्ज तुम्ही भरला होता ना? हे 'जिवाचं संरक्षण' कशाला लिहायला गेलात? त्याच्यामुळे तर अडकलं. नुसतं शेतसंरक्षण लिहिलं असतं तर आठ दिवसांत बंदूक घरी होती. बाकी काहीच अडचण नव्हती, काकांचे सगळे कागद चोख."

बाबांची सही अर्धी झाली होती. त्यांनी पेन न उचलता उरलेली पूर्ण केली.

कचेरीतून एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. बाबा भिंतीच्या बाजूने चालत होते. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी धरू दिला. एसटीत जागा मिळाली. पापडी येईपर्यंत मी मनात वाक्यं रचत होते: मला भीती वाटत होती, मला वाटलं लिहून ठेवावं, त्यांनी नाव विचारलं आणि बाहेर तो ड्रायव्हर बसला होता. व्याकरणशुद्ध वाक्यं. एकही तोंडाबाहेर पडलं नाही.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले. समोर आमच्या वाडीच्या जागी पायाचे खड्डे खणले होते आणि त्यांतून सळया वर आल्या होत्या. घरामागच्या एकुलत्या चिकूवर वटवाघळं आली, तिन्हीसांजेला, नेहमीच्या वेळेला. आम्ही दोघांनी त्यांची फडफड ऐकली. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"तू लिवलं ते खोटं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग बरोबर लिवलं."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण क्षमा मिळतेय असं दिसलं की माणूस हावरट होतो. मी म्हटलं, "बाबा, बंदूक असती तरी काय झालं असतं? तुम्ही कोणावर थोडीच चालवली असती. तिच्यात तर छर्रेही नव्हते."

"नय चालवली असती," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याविना त्यांचे डोळे लहान मुलासारखे दिसायचे. ते त्या सळयांच्या दिशेने बघत होते. त्यांना त्या दिसत नसणार.

"मना वाटलं, डोळं गेलं म्हनून सरकारनं काडून घेतली," ते म्हणाले. "म्हातारा झालो, आता याला राखव्याचं जमव्याचं नय, असं कागदावर लिवलं असंल. तुना माहीत असंल पन तू सांगत नय, मना वाईट वाटंल म्हनून. मी म्हटलं, सरकारनंच लिवलं तर मी कय राखनार? म्हनून दिली सही."

देवळाची घंटा झाली. आईने आतून दिवा लावला आणि रोजरीसाठी हाक मारली. बाबा भिंतीला धरून उठले आणि आत गेले. मी गेले, गुडघे टेकले, पाठ त्या दोन खिळ्यांकडे करून. माझी पाळी आली तेव्हा मी माझ्या दहा 'नमो मरिया' म्हटल्या, एकही चुकली नाही.